सोमवारची लाल फुली

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की लपवलं. तो बिघाड मला तिसऱ्याच सोमवारी सापडलेला. दुरुस्त करायला एक मिनिट पुरलं असतं. मी ते केलं नाही. दोन वर्षं केलं नाही.

मी ठाकुर्लीला राहतो, एकटा. काम कम्प्युटरचं. लहान ऑफिसांचे सर्व्हर लावून द्यायचे आणि ते रुसले की त्यांची समजूत काढायची. पूर्वी ह्या कामात पायाला भिंगरी असायची. सकाळी डोंबिवलीत वकिलाकडे, दुपारी कल्याणला लॅबमध्ये, संध्याकाळी माजिवड्याला एखाद्या गोडाऊनमध्ये. जिथं जाईन तिथं चहा, दोन शिव्या, चार गप्पा. मग लॉकडाउन आला आणि सगळ्यांना शोध लागला की हा माणूस घरबसल्याही चालतो. आता ऑफिसवाला मला एक नंबर पाठवतो, मी तो टाकतो, त्याची स्क्रीन माझ्यासमोर उघडते. त्याचा बाण हलतो, माझा बाण हलतो. काम झालं की तो 'थँक्स' टाइप करतो आणि स्क्रीन बंद. मग घरात फ्रिजचा आवाज तेवढा. कधीकधी दोन दोन दिवस तोंडातून शब्द निघालेला नसायचा, आणि खाली दूध घ्यायला गेलो की आवाजच फुटायचा नाही. खाकरून घ्यावं लागायचं. लाज वाटायची त्याची.

प्रत्यक्ष जायचं असं एक ऑफिस तेवढं उरलेलं, टेंभी नाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. आर्किटेक्टचं. जुन्या चाळी पाडून बिल्डिंगा उभ्या राहतात, त्यांचे नकाशे इथे निघतात. साहेब बहुतेक साइटवर. ऑफिसात कायमची माणसं दोनच. ताई, म्हणजे पन्नाशीच्या बाई, सगळं ऑफिस त्यांच्या डोक्यावर. आणि काका, नकाशे काढणारे, मूळचे रत्नागिरीकडचे, रिटायर व्हायचं वय उलटलं तरी नेमानं येणारे. मी ताईंपेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून त्यांचा दादा.

तिथला सर्व्हर लिनक्सचा, मीच लावलेला. बाकीचे कम्प्युटर विंडोजवाले. नकाशे सगळे सर्व्हरवर, आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर त्या सर्व्हरचा एक ड्राइव्ह दिसायचा, त्यात शिरून काम करायचं. ह्या दोघांचं मुळात जमतंच कमी. एकदा विंडोजची कसलीशी अपडेट आली आणि सर्व्हर नावानं सापडेनासा झाला. खूप डोकेफोड केली आणि शेवटी वैतागून मी नावाचा नाद सोडला, सगळे ड्राइव्ह सर्व्हरच्या नंबरावर, म्हणजे नेटवर्कातल्या त्याच्या पत्त्यावर, जोडून टाकले. लगेच चालू. मीच माझी पाठ थोपटली. पण तो नंबर सर्व्हरला कायमचा ठोकून द्यायचा असतो, ते राहून गेलं. राहून गेलं हे खरं, तेव्हा त्यात काही पाप नव्हतं.

आता ह्या ऑफिसची एक पद्धत. शेजारचं दुकान कधीतरी शॉर्टसर्किटनं जळालेलं, तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी निघताना काका मेन स्विच खाली ओढतात. हात जोडतात, मग कुलूप. सोमवारी आल्यावर पुन्हा हात जोडून वर. झालं, सगळी यंत्रं एकदम जागी. आणि नंबर वाटतो राऊटर, दवाखान्यातल्या टोकनासारखे, जो पहिला येईल त्याला पहिला. सर्व्हर बिचारा म्हातारा, त्याला उठायला पाच मिनिटं. तेवढ्यात नवा प्रिंटर टुणकन उठून त्याचा नंबर घेऊन बसायचा. मग सगळे कम्प्युटर जुन्या नंबरावर जाऊन प्रिंटरकडे नकाशे मागणार. तो कुठून देणार! ड्राइव्हवर लाल फुली. आणि दहाच्या सुमाराला माझा फोन वाजायचा.

"दादा, फुली आलीय."

पहिल्या दोन सोमवारी मी खरंच शोधत होतो. वायर बघितली, पासवर्ड बदलून बघितले, नाही नाही ते केलं. तिसऱ्या सोमवारी उलगडा झाला. आता नंबर ठोकणार, इतक्यात ताई म्हणाल्या, "अहो, दीड वाजला. आधी जेवून घ्या, तुमचं ते काळं स्क्रीन कुठे पळून जातंय?"

मी डबा नेलेला नव्हता. त्यांनी त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून झाकणात ठेवली, वर सुकटीची चटणी. काकांनी कुळथाचं पिठलं पुढे सरकवलं. आदल्या दिवशी पौर्णिमा, ताईंनी विहारातली खीर आणलेली, तीही वाट्याला आली. काका म्हणाले, "कम्प्युटरवाले फक्त चहावर जगतात असं ऐकून होतो." मी हसलो. किती दिवसांनी कुणासमोर बसून जेवत होतो ते मला आठवेना. आणि हसताना स्वतःचा आवाज मला अनोळखी वाटला.

जेवण झाल्यावर मी प्रिंटर बंद करून सर्व्हरला त्याचा नंबर मिळवून दिला. तेवढंच. आठवड्यापुरतं. "जुना झालाय हो सर्व्हर," मी म्हणालो, "बघावं लागेल अधूनमधून." काय सहज आलं तोंडातून!

मग सोमवार लागूनच गेला. रविवारी मी डोंबिवलीच्या मार्केटातून भाजी आणायचो ती सोमवारच्या डब्यासाठी. एकट्यासाठी मी कधी भरली वांगी केली नसती. दाढी करायचो, इस्त्रीचा शर्ट. साडेबाराच्या सुमाराला पोचायचं, काळी स्क्रीन उघडून उगाच चार आज्ञा द्यायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या, "हं" म्हणायचं, दीड वाजवायचा. काकांना वाटायचं मी फार मोठं काहीतरी करतोय. ते मागे उभे राहून हळू आवाजात बोलायचे. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं तेव्हा. पण डबे उघडले की विसरायचो. ताई आईच्या तक्रारी सांगायच्या, आईचं गोळ्या लपवणं, भावाची बोलणी. चाळ रिकामी करताना घरातली कागदपत्रांची पेटी कशी हरवली ते त्यांनी निदान दहा वेळा सांगितलं असेल. बरं झालं, सगळ्याचे स्कॅन ऑफिसच्या ड्राइव्हवर आहेत, रेशनकार्डापासून आईच्या रिपोर्टांपर्यंत. काका फणसाच्या भाज्यांवर भाषण द्यायचे. मीही बोलायचो. अख्ख्या आठवड्याचं साचलेलं.

एकदा साहेबांनी विचारलं, तुम्ही बाकीच्यांचं घरून करता, मग आमचंच का नाही? मी ठोकून दिलं, "तुमच्या सेटअपला घरून नाही जमत." त्यांना कुठे कळतंय.

मग तो सोमवार. नेहमीपेक्षा लवकर, साडेनऊलाच फोन.

"दादा, फुली आलीय. जरा लवकर या हो आज."

आवाज घाईतला होता. मला काय वाटावं? मला वाटलं, आज काहीतरी खास आहे, वाट बघतायत माझी. मूर्ख माणूस! त्या पुढे म्हणाल्या, "फोनवर सांगता येईल का काही? सांगा, मी करते."

येत होतं की. प्रिंटर बंद करा, राऊटर बंद करून चालू करा, मग सर्व्हर, तो उठला की प्रिंटर. दहावीतल्या पोरालाही जमलं असतं.

"नाही हो ताई," मी म्हणालो, "तिथं यावंच लागतं."

"बरं. या."

मी लवकर म्हणजे किती लवकर निघालो? डब्यातली वांगी शिजायची होती. ती शिजवली. मधे दोनदा फोन आला, दोन्ही वेळा पुरतं ऐकून न घेताच "आलोच, निघालोच" म्हणालो आणि ठेवला. ठाण्याला उतरल्यावर मिठाईच्या दुकानात थांबलो, गरम जिलेबी काढत होते, तिच्यासाठी रांगेत उभा राहिलो. पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेलेले.

ताई कम्प्युटरसमोर उभ्या होत्या. बसलेल्या नाही, उभ्या. खांद्याला पर्स, हातात फोन, फोनवर भाऊ ओरडत होता ते मला दारातून ऐकू आलं. काका म्हणाले, "अहो, हिच्या आईला पहाटे ॲडमिट केलंय कल्याणला. छातीत दुखतंय. डॉक्टर जुना रिपोर्ट मागतायत हार्टचा, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते त्यात आहे. तो आत आहे ना!" आणि बोट स्क्रीनकडे.

जिलेबीचा पुडा मी कुठे ठेवला आठवत नाही. प्रिंटरचं बटण, राऊटरचं बटण, सर्व्हर. तो उठायला पाच मिनिटं. मग फुली गेली. ताईंनी फोल्डर उघडला, रिपोर्ट भावाला पाठवला, आणि वळून एकदा त्या तीन बटणांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. जिना उतरून गेल्या.

आईला काही झालं नाही. डॉक्टरांनी वाट न बघता तपासणी परत करून घेतलेली. चार दिवसांत म्हातारी घरी आली आणि पुन्हा गोळ्या लपवायला लागली, हे काकांनी फोनवर सांगितलं. पण मी त्याच दिवशी, त्या गेल्यावर, सर्व्हरचा नंबर कायमचा ठोकला. एक ओळ. एक मिनिटही लागलं नाही. काकांनी विचारलं, "आता फुली येणार नाही?" "नाही येणार." "वा! जमलं म्हणायचं शेवटी." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली मला उभं राहवेना. डबा न उघडता घरी आलो.

पुढच्या सोमवारी फोन वाजला नाही. वाजणारच नव्हता. मी दाढी करून बसलेलो. त्याच्या पुढच्या सोमवारी मीच केला. "ताई, ड्राइव्ह उघडतोय ना?" "हो, एकदम मस्त." "आई?" "बरी आहे. ठेवू का? साहेब आलेत." आणखी दोन सोमवार गेले. वांगी आणली नाहीत, वरणभात केला, तोही ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ला. रडायला आलं एकदा, खोटं कशाला बोलू. पन्नास ओलांडलेला माणूस, एका लाल फुलीसाठी!

पाचव्या सोमवारी डबा भरला आणि गेलो. जिन्यात तोंडात एक थाप तयार होती, नवी अपडेट आलीय, जरा बघून जातो. साधीसरळ, कुणालाही पटेल अशी.

ताई आणि काका डबे उघडतच होते. "अय्या, दादा? काही बिघडलं का?"

"काही बिघडलं नाही," मी म्हणालो. "जेवायला आलोय."

काकांनी खुर्ची ओढली. मी बसलो नाही. बसलो असतो तर राहून गेलं असतं. उभ्या उभ्याच सांगितलं सगळं. तिसऱ्या सोमवारपासूनचं. की तो बिघाड मी ठेवलेला, जेवायला यायला मिळावं म्हणून. की त्या दिवशी फोनवर सांगता आलं असतं. की मी वांगी शिजवत होतो.

काका डब्याकडे बघत राहिले. ताईंनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तीन तास, दादा. तीन तास मी त्या फुलीकडे बघत उभी होते. मला वाटत होतं, आई गेली तर ह्या डबड्यामुळे गेली."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी डब्याला झाकण लावलं, उठल्या, आणि डबा घेऊन आतल्या साहेबांच्या केबिनकडे निघाल्या. दारात थांबल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"आज मी तुमच्यासोबत जेवणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी या."