दुसरं उत्तर

माझी शाळा चौथीपर्यंत. पाढे चांगले होते, पण वडलांना मेंढरांमागं माणूस कमी पडत होतं, म्हणून पाटी गेली आणि हातात काठी आली. त्याचं रडगाणं मला गायचं नाही. नातीच्या वहीबद्दल सांगायचं आहे.

अकरावीला तिनं सायन्स घेतलं. कॉलेजातून आली की चहा पिऊन माझ्या बाजेवर बसायची आणि मोठ्यानं बोलत गणितं सोडवायची. बोलल्याशिवाय तिला सुटत नसे. मी ज्वारी निवडत ऐकायची.

एकदा म्हणाली, "आजी, ज्याचा वर्ग वजा एक येतो, त्याला आय म्हणायचं."

"वर्ग कधी वजा येतो काय?"

"न्हाई येत. म्हणून तर धरायचा. काल्पनिक हाय."

"नसलेलं मेंढरू कळपात काहून घेता?"

"त्याच्याबिगर गणित सुटत न्हाई, म्हातारे. शेवटी कधीकधी जातंय ते निघून."

मला ते पटलं नाही, पण ऐकत राहिले. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आय असलेली उत्तरं एकटी येत नव्हती. दोन अधिक तीन आय आलं की दोन वजा तीन आय यायचंच. आम्ही संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या वाड्यात, घ्यायचो तेव्हा दोन-दोन सोडायचो. कळप समच ठेवलेला. शेवटी एकटं उरलं, की समजायचं याचा जोडीदार रानात राहिला, आणि बॅटरी घेऊन निघायचं. एका दिवशी तिनं एकच उत्तर लिहून वही मिटली, तेव्हा मी म्हणाले, "दुसरं कुठं हाय?"

तिनं वही पुन्हा उघडली. मग पेन माझ्या हातात दिलं. "तूच लिही."

तेव्हापासून पहिलं उत्तर तिचं आणि दुसरं माझं. मला एवढंच करायचं होतं: आयच्या आधीचं चिन्ह बदलायचं. ती लाल पेनानं बरोबरची खूण करायची. वर्षभर माझं एकही चुकलं नाही. शेजारणीला मी सांगितलं, मी अकरावीचं गणित करते. ती हसली. हसू दे.

मे महिन्यात ती जुनी गणितं पुन्हा करत होती. एक्सचा वर्ग बरोबर दोन आय. तिनं लिहिलं, एक अधिक आय. मी खाली लिहिलं, एक वजा आय. तिनं लाल पेन उचललं आणि फुली मारली.

"चुकलं, आजी. गणितातच आय असला की तुझी जोडी चालत न्हाई. इथं दोन्ही चिन्हं बदलायची. गुणून बघ की."

"मला कुठं गुणता येतंय?"

"मग वर्षभर काय केलंस? निस्तं चिन्ह फिरवलंस?"

ती हसत म्हणाली. मला लागलं, कारण खरं होतं. पेन ठेवलं आणि उठले. त्यानंतर तिनं दोनदा वही पुढं केली. मी म्हणाले, कामं पडलीत. कामं काही नव्हती. मग बारावीसाठी ती अंबाजोगाईला वसतिगृहात गेली. मी एसटीपर्यंतसुद्धा गेले नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं.

जुनी वही बाजेखाली ठेवून गेली. पंधरा दिवसांनी झाडताना उघडली. शेवटच्या पानावर एक्सचा वर्ग बरोबर वजा दोन आय. खाली तिचं उत्तर, एक वजा आय. त्याखाली ओळ कोरी. वहीत लाल पेन.

मी वजा एक अधिक आय लिहिलं. मग पाठीमागच्या पानावर, ती मोठ्यानं बोलत कशी गुणायची ते आठवत, त्याला त्यानंच गुणायला बसले. वजा एकनं वजा एक, एक. वजा एकनं आय, वजा आय. तेच पुन्हा एकदा. आयनं आय गुणलं आणि एक लिहिलं. जुळेना. चार दिवस जुळेना. पाचव्या दिवशी ज्वारी निवडताना आठवलं, ते तर वजा एक. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मीच हुज्जत घातली होती. एक आणि वजा एक उडाले. वजा दोन आय राहिले.

बरोबर आलं हे मला कळलं होतं. तरी हातातली ज्वारी तशीच ठेवून मी बाजेच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं. तिथं सूप होतं.

माझा मुलगा म्हणाला, तिला फोटो काढून पाठवू. मी नको म्हणाले. लाल पेनानं खूणही केली नाही.

रविवारी तिचा फोन आला. जेवण, अभ्यास, डबा बेचव, सगळं झालं. मग हळूच म्हणाली, "आजी, वही बघितलीस का?"

"बघितली."

"मग? दुसरं लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय आलं? सांग की."

"फोनवर न्हाई सांगत," मी म्हणाले. "ये अन् बघ."