मास्तरांची बाजू

अक्काला ऑफिसात सगळेच अक्का म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. मुलं शाळा का सोडतात याचा अभ्यास करणारी तिघांची टोळी होती: अक्का, आकडे सांभाळणारा बहाद्दर आणि मास्तर. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे. खोड अशी, की कुणी पूर्व म्हटलं की यांनी पश्चिम म्हणायचंच.

दर शुक्रवारी ऑफिसच्या मागच्या खोलीत शेगडीवर एकच पातेलं चढायचं. काय करायचं ते आधी ठरवायचं नाही. एकाने सुरुवात करायची. दुसऱ्याने चाखायचं आणि मगच आपलं काही घालायचं. आधीच्याने घातलेलं काढायचं मात्र नाही. कधी बोटं चाटावीत असं व्हायचं, कधी कुत्र्यानेही तोंड लावू नये असं. हीच रीत त्यांनी लिखाणातही आणली. दुसऱ्याचं वाक्य खोडायचं नाही. पटलं नाही तर शेजारी आपलं लिहायचं. अक्का लिहायची, मुलं गरिबीपायी शाळा सोडतात. मास्तर शेजारी लिहायचे, आपण त्यांना शाळा नकोशी करतो म्हणून सोडतात. मग असं काही जुंपायचं की विचारू नका. अहवाल मात्र झकास उतरायचा.

आणि मास्तर गेले. बसल्या खुर्चीत, शेवटचं प्रकरण अर्धं टाकून.

बहाद्दर म्हणाला, आपण दोघं आपापलं लिहून मोकळं होऊ. अक्का कसली ऐकते! मास्तरांची बाजू नसेल तर अहवाल बाहेर जाणारच नाही, म्हणाली. त्यांचं म्हणणं तिला तोंडपाठ होतं. ती एकटीच दोन्ही बाजू लिहायला बसली, आणि मास्तर यायला लागले. रिकामी खुर्ची करकरायची, खोकला ऐकू यायचा, मानेमागून कुणीतरी वाचतंय असं वाटायचं. अक्काला भीती वाटली नाही, उलट बरंच वाटलं. भांडल्याशिवाय जातायत कुठे, असं ती मनाशी म्हणायची.

प्रकरण पुरं झालं. शुक्रवारी ते बहाद्दराच्या हातात देऊन ती पातेलं ढवळत राहिली. त्याने शेवटपर्यंत वाचलं.

"अक्का, छान झालंय," तो म्हणाला. "पण यात मास्तर शेवटी तुमचंच खरं मानतात. दर पानावर."

तिने कागद ओढून घेतले, भराभर पानं उलटली. खरंच होतं. हयातभर या माणसाने तिला एकदाही होकार दिला नव्हता.

मागची खुर्ची करकरली.

"बरोबर आहे गं तुझं," मास्तर म्हणाले.

ते गेल्यापासून अक्का तेव्हा पहिल्यांदा रडली.