आत्याआजीच्या आहाराचा तक्ता

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही नातवंडांनी मला विचारलंत, आजी, तू दर दोन तासांनी आत्याआजीसमोर बसून का खातेस? तेव्हा सांगता आलं नाही, कारण आत्याआजी शेजारीच होती.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. देवळ्याला कांद्याची शेती करते. केमोसाठी ती आमच्याकडे नाशिकला आली. दोन केमो झाल्या आणि वजन उतरायला लागलं. त्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत वजन आणखी उतरलं, तर तिसरी केमो लांबवावी लागेल." आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं सगळं मी वहीत उतरवून घेतलं.

घरी येऊन तक्ता केला. आठ वाजता नाचणीची खीर, दहाला अंडं, बाराला तूप घातलेला मऊ मुगाचा भात, दोनला खजुराचा लाडू. वेळ झाली की चांदीची वाटी तिच्यापुढे ठेवायची, आणि रिकामी दिसली की तक्त्यात खूण करायची. बुधवारपर्यंत एकही खूण चुकली नाही. गुरुवारी सकाळी तिला घरच्या काट्यावर उभं केलं, तर वजन सोमवारपेक्षा अर्धा किलो कमी.

काट्यावर तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवून पाहिली. काटा बरोबर होता.

दुपारी ती अंघोळीला गेली तेव्हा मला मुंग्यांची रांग दिसली. पलंगाखाली तिच्या कापडी पिशवीत, रिपोर्टच्या फायलीमागे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं अंडं, भात आणि लाडू होता. रोज संध्याकाळी फेरीला जाताना ती ही पिशवी नेत असे; म्हणजे हे सगळं गल्लीतल्या कुत्र्याला जात होतं.

ती बाहेर आली तेव्हा पिशवी माझ्या हातात होती.

"हे काय आहे?" माझा आवाज चढला होता.

ती पलंगावर बसली. "वहिनी, तुम्ही एवढं करता. नको कसं म्हणू?"

"म्हणून पिशवीत?"

"गळ्याखाली उतरत नाय. सगळं लोखंड चाटल्यावाणी लागतं. अन् तुम्ही दारात घड्याळ बघत उभ्या. आमच्याकडं मजुरालाबी कुणी असं उभं राहून जेवू घालत नाय."

"आणि सोमवारी काय करायचं?"

"मलाबी भ्या वाटतं," ती म्हणाली.

मी वही उघडली. पहिल्याच पानावर, माझ्याच अक्षरात, लाल रेघ मारून लिहिलेलं होतं: तोंडाला धातूची चव येऊ शकते, रुग्णाला विचारावं, धातूची भांडी टाळावीत. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

चांदीच्या वाट्या कपाटात गेल्या. काचेचे दोन बाऊल काढले, प्लास्टिकचे दोन चमचे. खीर गार केली आणि मीही तिच्यासमोर बसून खायला लागले. चार चमच्यांनंतर ती थांबली, म्हणून मीही थांबले.

"खा की," ती म्हणाली. "का तुमचीबी केमो हाय सोमवारी?"

तिने आणखी दोन चमचे खाल्ले. शनिवारी एकदा उलटी झाली. तासाभराने आम्ही दोघींनी पुन्हा अर्धा अर्धा बाऊल घेतला. रविवारी मी काटा पुढे सरकवला, तर तिने तो पायाने पलंगाखाली ढकलला. "उद्याचं उद्या."

सोमवारी द्वारका चौकात रिक्षा वीस मिनिटं अडकली. हॉस्पिटलमध्ये सिस्टर म्हणाल्या, "चप्पल काढा, मावशी." ती काट्यावर उभी राहिली. आकडा खाली-वर झाला आणि थांबला. मागच्या सोमवारचाच होता. डॉक्टरांनी दोन्ही नोंदी शेजारी धरून पाहिल्या, रक्ताचा रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, "देऊ या."

सलाईन सुरू झाल्यावर तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"वहिनी, दहा वाजले का?"

मी पिशवीतून डबा काढला. तिने एक डोळा उघडून पाहिलं.

"चमचे दोन आणलेत ना?"