एकही अक्षर चुकलं नव्हतं

"उभा राहा, आणि जसं लिहिलंयस तसं वाच," चेअरमन म्हणाले.

सोसायटीची वार्षिक सभा होती. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. मीच मांडलेल्या. मी सोसायटीचा मॅनेजर. चेअरमन बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात मी टाइप केलेली नोटीस. उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवा, एवढंच. पण इंग्रजीत, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कॅपिटल अक्षरांत.

मी वाचलं. ते म्हणाले, "असं नाही. सगळं कॅपिटल लिहिणं म्हणजे ओरडणं. तू आमच्यावर ओरडलायस. आता ओरडून दाखव."

मी ओरडलो. पाणी नाही म्हणून ओरडलो, बादल्या भरा म्हणून ओरडलो. मागून कोणीतरी वन्स मोअर दिला. मी परत ओरडलो. वर कमरेत वाकून नमस्कार केला, नाटकातल्यासारखा. सगळ्यांत जास्त मीच हसलो. हसलं की कमी लागतं, असा माझा समज. पण खरं तर काहीच लागलं नाही. इंजेक्शन देऊन दाढ काढतात तेव्हा हिरडीचं होतं ना, तसं.

आता माझी अक्कल सांगतो. मी वसईच्या मिठागराकडच्या गावातला. आमच्या घरात इंग्रजी आलं ते फॉर्मवरून. रेशनचा, बँकेचा, कॉलेजचा. सगळीकडे एकच हुकूम, मोठ्या अक्षरांत भरा. मला वाटायचं, आपल्यासारख्यांनी इंग्रजी तसंच लिहायचं असतं. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा तो बारीक दिवा लागला म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला, असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो.

सभेनंतर चेअरमन मला शिकवू लागले. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं. माणसाचं नाव, गावाचं नाव, वार, महिना मोठा. 'आय' म्हणजे मी, तो वाक्यात कुठेही असो, मोठाच. हे मला फार आवडलं. इंग्रजीत मी कायम मोठा. ऑफिसात माझी खुर्ची झेरॉक्स मशीनच्या मागे, ते सोडा. घरी जाताना भुईगावच्या बसमध्ये मी दुकानांच्या पाट्या बघून मोठं, लहान, मोठं, लहान पुटपुटायचो. एकदा शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली.

माझी आई याच सोसायटीत धुणीभांडी करते. मला नोकरी लागली त्याच्या कितीतरी आधीपासून. गेटच्या आत ती मला मॅनेजरसाहेब म्हणते. तसं मीच तिला सांगितलेलं. सकाळची घरं आटोपली की ती आणि आणखी तिघी बागेतल्या बाकड्यावर डबा खातात, मग दुपारच्या घरी जातात.

एक दिवस चेअरमननी नवी नोटीस सांगितली. बागेतली बाकडी फक्त सभासदांसाठी आहेत, घरकामवाल्यांनी तिथे बसू नये. 'मेंबर्स'चा एम मोठा ठेव, म्हणाले, तो मान असतो. मी विचारलं, घरकामवाल्यांचा? म्हणाले, लहानच.

प्रिंट वाचून त्यांनी माझी पाठ थोपटली. "शाब्बास. आज एकही चूक नाही."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? तो आनंद आणि सेलोटेप घेऊन मी बागेत गेलो.

चौघी जेवत होत्या. इंग्रजी त्यांना येत नाही. पण मी सेलोटेप घेऊन आलो म्हणजे काहीतरी बंद होणार, हे आईला ठाऊक.

"उद्या पानी नाय का, मॅनेजरसाहेब?"

मी कागद मराठीत वाचून दाखवला. हळू. कोणाला रागही आला नाही. आईने अर्ध्या भाकरीवर डब्याचं झाकण लावलं. बाकीच्या तिघी उठल्यासुद्धा. इतक्या सवयीने उठल्या.

"आई, बस," मी म्हणालो. "सगळ्याच बसा."

गेटच्या आत तिला पहिल्यांदा आई म्हणालो.

ऑफिसात जाऊन कागद चेअरमनच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "ही नोटीस मी लावणार नाही."

"का? कॅपिटल चुकलं कुठे?"

"नाही सर. अक्षरं सगळी बरोबर आहेत."

त्यांना कळलं. माझी आई कोण, हे त्यांना ठाऊक होतंच. हुशार माणूस. आवाज खाली आणून म्हणाले, "तुझी आई बसू दे. वॉचमनला सांगून ठेवतो. बाकीच्यांचं तू कशाला बघतोस?"

आणि मला क्षणभर बरं वाटलं. पार्किंगमध्ये ओरडताना जे लागलं नव्हतं, ते तेव्हा लागलं. मी इतका स्वस्त झालो होतो.

"बसतील तर सगळ्या बसतील," मी म्हणालो.

नोटीस अजून लागलेली नाही. पुढच्या कमिटीत माझं काय ते ठरेल. काढतील बहुधा. काढोत. माणसाला जागेवरून उठवणारा कागद मी टाइप करणार नाही. इंग्रजीत नाही, मराठीत नाही. आता रोज दुपारी मी माझा डबा घेऊन त्या बाकड्यावर बसतो. चौघी सरकून जागा करतात. आम्हाला उठवायचं असेल, तर कमिटीवाल्यांनी खाली येऊन आमच्या तोंडावर सांगावं. आणि आधी मला उठवावं.