कापलेली खालची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांना तर मी शेजारणीच्या आमटीत मीठ किती, तेसुद्धा सांगायची.

तेव्हा मी तेवीस वर्षांची, पेठेतल्या मुलांच्या वाचनालयात ग्रंथपाल. ग्रंथपाल कसली — कपाटांची मुकादम! मुलांनी वाचलं नाही तरी चालेल, पण पुस्तकं एका उंचीची दिसली पाहिजेत. अशी ही विदुषी.

आमच्याकडे चित्रकथांचं एक मासिक यायचं. चांगलं ऐसपैस. एका वर्षी अचानक त्याचा आकार लहान झाला, आणि माझ्या रांगेला खिंडार पडलं. मी जुने मोठे अंक आणि नवे छोटे एकाच गठ्ठ्यात आमच्या बाइंडरपुढे, हमीदचाचांपुढे, टाकले. म्हटलं, सारखे करा. ते म्हणाले, वेगवेगळे बांधू. मोठे कापले तर प्रत्येक पानावरची चित्रांची खालची ओळ जाईल, गोष्ट तुटेल.

"कापा," मी म्हणाले.

कापले त्यांनी. पण पट्ट्या फेकल्या नाहीत. प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलने पानाचा आकडा घालून, दोऱ्याने बांधून माझ्या हातात दिल्या — पुढेमागे चिकटवता येतील म्हणून.

मग पालकांची ओरड झाली. चिटणीसांनी आम्हा दोघांना बोलावलं. पट्ट्या माझ्या खणात होत्या — हातभर अंतरावर. आणि मी काय म्हणाले?

"मी नको म्हटलं होतं. यांनी न विचारता कापलं."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई म्हणतात तसं असेल."

का म्हणाले असं? मला वाचवायला? की माझ्याशी बोलण्यात काही राम नाही, म्हणून? आजही तळपायाची आग मस्तकात जाते — चाचांमुळे नाही, तिथे मान खाली घालून उभ्या असलेल्या त्या भित्र्या भवानीमुळे. घरी जाऊन तिने पट्ट्या बंबात घातल्या. पाणी छान तापलं.

चाचांचं काम गेलं. आमचंच नाही, बाकीच्या वाचनालयांचंही. काही वर्षांनी ते मार्केट यार्डात दिसले — पोती शिवत. टाका तोच, पुस्तकाचा, बारीक नि सरळ. मी पदर पुढे ओढला आणि कांदे न घेताच परतले.

परवा नात रद्दीच्या दुकानातून त्यातलाच एक खंड घेऊन आली, आमच्या शिक्क्यासकट. "आजी, बाइंडर अगदीच ढ होता गं."

"हो ना," मी म्हणाले. परवा. चहा गाळता गाळता.

त्या पट्ट्यांवरचे आकडे मी बंबात घालताना पाहिले होते. एकही चुकला नव्हता.