चावीचे सव्वीस फेरे

मी नोकरीसाठी मिरजेहून दिल्लीला निघाले त्या सकाळी आमच्याकडे भांडण जुंपलं होतं, तेही चावीच्या जुन्या ग्रामोफोनवरून, आमच्या फोनोवरून. तो माझ्यासोबत जावा, हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा हट्ट. "परक्या मुलखात सोबत होईल तुला." मी म्हणत होते, नोएडातल्या एका खोलीत मी झोपू कुठे नि हा कर्णा ठेवू कुठे! जिंकले अर्थात अण्णाच. निघता निघता त्यांनी चावी भरून एक भजन लावलं. चावीचे मोजून तीस फेरे, हा त्यांचा शिरस्ता. भजन अर्ध्यावर असताना रिक्षा आली.

आमच्या घरी एक नियम होता. तबकडी संपली की सुई उचलायची आणि स्प्रिंग पूर्ण उतरेपर्यंत चाक रिकामं फिरू द्यायचं. अण्णा याला फोनोला झोपवणं म्हणत. तोवर कुणी उठायचं नाही. भरल्या चावीनं ठेवला तर स्प्रिंग तुटते, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पण अण्णा रिक्षावाल्याशी बोलायला बाहेर गेले, नि मी घाईत ब्रेक लावून फोनो तसाच जागा खोक्यात कोंबला.

नोएडात खोकं उघडलं तर चाक ढिम्म. चावी नुसती गरगर फिरतेय. रडले, खरंच रडले. आणि अण्णांनी फोनवर विचारलं, "वाजतोय ना गं?" तर म्हटलं, "मस्त वाजतोय!" कपाळ माझं! त्या एका वाक्याला मी अकरा वर्षं ठिगळं लावत बसले. आज भजन लावलं होतं, शेजारच्या भाटिया आंटींना फार आवडलं, वगैरे.

दिवाळीला मीच मिरजेला जायचे. एवढा प्रवास अण्णांना नको वाटे. हळूहळू मी इथली झाले. 'यार' नि 'चलो' जिभेवर बसले. ऑफिस, लग्न, सोसायटीतला गणपती, आणि मुलगी ईरा, जी एकोणतीसला बिनधास्त 'उनतीस' म्हणते. सुखात आहे मी, उगाच डोळे कशाला पुसू? फक्त माळ्यावरचं ते खोकं दिसलं की मी नजर फिरवायचे.

यंदा थंडी सरल्यावर अण्णा म्हणाले, "येतो महिनाभर. फोनो ऐकायचाय."

झालं! शोधत शोधत पहाडगंजच्या एका गल्लीत जुने कारागीर गाठले. सगळे त्यांना मास्टरजी म्हणतात. त्यांनी मोटरचा डबा उघडला. आत स्प्रिंगची लांबलचक पट्टी, ग्रीस वाळून डांबर झालेलं, नि पट्टीचं टोक तुटलेलं. "भरी चाबी के साथ रखा था ना?" पथ्य मोडलेल्या पेशंटला डॉक्टर विचारतात, तसं त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. त्यांनी टोक तापवून नरम केलं, अडकवायला नवं भोक पाडलं, पट्टी रॉकेलनं धुतली आणि नवं ग्रीस लावून परत गुंडाळली. फोनो गायला लागला. पण तुटका तुकडा गेल्यानं पट्टी आखूड झाली होती. "छब्बीस चक्कर, बस. ज़्यादा दिए तो फिर टूटेगी."

सव्वीस! आणि अण्णा तर तीस दिल्याशिवाय हात काढायचे नाहीत. सांगावं तर अकरा वर्षांचं पितळ उघडं पडणार, गप्प बसावं तर स्प्रिंग जाणार.

अण्णा आले ते चहासुद्धा न घेता फोनोपुढे बसले. ते चावी देतायत, ईरा मोठ्यानं मोजतेय. पंचवीस झाले नि मी ओरडलेच, "अण्णा, थांबा! सव्वीसच!" मग सगळंच बाहेर पडलं. रिक्षा, ब्रेक, भाटिया आंटी.

अण्णांनी सव्विसावा फेरा दिला आणि हात काढला. "अगं, अकरा वर्षांत फोनवर एकदा तरी ऐकवलास का? मला कळत नव्हतं होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर लाजेनं फोन करायची बंद झाली असतीस."

मला हसू की रडू कळेना. दोन्ही केलं.

भजन संपलं. अण्णांनी सुई उचलली, नि मी सवयीनं कुकरकडे निघाले. "बस खाली. झोपू दे त्याला." बसले. गाव सोडून आलेल्यांनो आणि मागे राहिलेल्यांनो, तुम्हालाच सांगते, घर कुठलं असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं अडखळायचे. मिरज म्हणावं की नोएडा? त्या दिवशी मात्र आपण घरी आहोत हे मला बसल्या जागी कळलं. चाक हळू हळू होत थांबेपर्यंत आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. या वेळी दाराशी रिक्षा उभी नव्हती.