विहिरीकडचं वळण

स्वयंपाकघरात बसल्यावर आमचा ट्रॅक्टर मला दिसत नसे, ऐकू मात्र यायचा. नांगराचं एक तास संपलं की आवाज बसायचा, ट्रॅक्टर वळायचा आणि मग आवाज पुन्हा चढायचा. आवाज बसला की माझे भाकरी थापणारे हात थांबायचे, आणि तो चढेपर्यंत जीव टांगणीला लागायचा. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपायची. सांगलीकडच्या पोरीला साधी भाकरी जमत नाही, असं गावानं ठरवून टाकलं होतं. मी तरी कुणाकुणाला समजावू?

कारण होतं विहीर. रानाच्या मधोमध, खोल आणि बिनकठड्याची. मोट होती तेव्हा तिच्या एका अंगाला धाव होती, म्हणजे मोट ओढत बैलांनी उतरायची वाट. चीनची लढाई झाली त्या सुमाराला पाणी उपसायला इंजिन बसलं आणि मोट गेली. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, धावही मोडून नांगराखाली घेतली. तेवढीच दोन तासं जास्त! आता नांगरट थेट विहिरीच्या काठाला भिडली. पाटही तिथूनच सुटायचा, त्यामुळे माती कायम ओली. त्या ओल्या मातीत माझा नवरा दुसऱ्याकडून घेतलेला जुना ट्रॅक्टर वळवायचा, आणि त्याची पुढची टायरं झिजून तळहातासारखी गुळगुळीत झाली होती.

मी रोज यांच्या मागे लागायचे, टायरं बदला. हे म्हणायचे, "आबांना इचारतो." आबा म्हणजे मामंजीच. त्यांना विचारल्याशिवाय आमच्या घरात मांजरसुद्धा आडवं जात नव्हतं.

त्यालाही कारण होतं. मामंजींना बैलांतलं जे कळायचं ते साऱ्या पंचक्रोशीत कुणाला कळत नसे. खांदा चाचपायचे, खुरं बघायचे, बैलाला चार पावलं चालवायचे आणि सांगायचे, हा घ्या, तो सोडा. लोक त्यांना बाजाराला मुद्दाम घेऊन जात. म्हणून टायरंही तेच निवडणार हे ठरलेलंच होतं.

मी माहेराहून परतत होते. मला न्यायला हे आणि मामंजी आले होते, म्हणून जाता जाता तिघंही सांगलीतल्या टायरच्या दुकानात शिरलो. दुकानदार जैन, शांत माणूस. त्यानं दोन जोड्या पुढं मांडल्या. एकीवर गोल फिरणाऱ्या उभ्या धारा होत्या, ती ट्रॅक्टरची. दुसरी मिलिटरीच्या जीपची, तिच्यावर आडव्या जाड गाठी. माप दोन्हींचं एकच.

मामंजी खाली बसले. गाठींवर थाप मारली, खाचांत बोटं घालून बघितली. टायराला शेपूट असतं तर तेही उचललं असतं.

"ह्यी जीपची द्या," ते म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "आबा, पुढं धारेचीच लागतात. ओल्यात ती आडवी घसरत न्हाईत."

"त्या रेघा काय धरणार? मागचं टायर बघा की, कसं गाठीगाठीचं हाय. पुढच्यानं वढायचं तर त्येला पकड नगो?"

यांनी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. माझा पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. मी म्हटलं, "मामंजी, वढतंय मागचं चाक. पुढचं नुसतं वळतंय."

मामंजी हसले. "आवं, आमची सूनबाई ट्रॅक्टर घिऊन आलीया म्हायेरनं!" दुकानातले सगळे हसले आणि जीपची टायरं एसटीच्या टपावर चढली. मी वाटभर रागानं खिडकीबाहेर बघत बसले.

मामंजींचा हिशेब मला कळत होता. त्यांचा सगळा जन्म बैलामागं गेला. बैल पुढं असतो आणि ओढतो. जोर मागून येतो, ही गोष्टच त्यांच्या अंगात उतरत नव्हती.

पहिल्याच ओल्या वळणावर ट्रॅक्टर सरळ विहिरीकडे गेला. यांनी एका बाजूचा ब्रेक दाबून कसाबसा फिरवला. ते मला सांगितलं, आबांना नाही. म्हणून जेवण वाढताना मीच सांगितलं, "मामंजी, विहिरीपाशी त्यो वळत न्हाई."

"हात कच्चा हाय त्येचा. उद्या मी हुबा ऱ्हातो."

दुसऱ्या दिवशी घरात माझा पाय ठरेना. वेळेआधीच भाकरी बांधून रानात गेले. बघते तर मामंजी विहिरीच्या काठावर, पाण्याकडे पाठ करून, हातात बैलाची काठी घेऊन उभे! बिथरलेला बैल असाच वळवत असत ते. बैल मालकाच्या अंगावर येत नाही.

"आबा, सरा!" हे ओरडत होते.

"तू ये. वळव!"

चाकं वळली. माझ्या डोळ्यांदेखत वळली, आणि वळलेली चाकंच चिखलावरून सरळ घसरत आली. मामंजींनी काठी उगारली. "हां! हां!" ते जागचे हलले नाहीत. हे ब्रेकवर उभेच राहिले. इंजिन गचका खाऊन बंद पडलं. पुढचं चाक मामंजींच्या धोतराला टेकून थांबलं होतं आणि मागं विहिरीत ढेकळं पडल्याचा आवाज येत होता.

माझ्या हातातली भाकरी केव्हा पडली कळलं नाही. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि ओढून बाजूला घेतलं. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची आमच्यात रीत नव्हती.

ते चाकाकडे बघत होते. म्हणाले, "पोरी, ह्येला मी दिसलोच न्हाई."

पुढच्या खेपेला ते सांगलीला आले नाहीत. मला यांच्याबरोबर धाडलं. मी धारेची टायरं घेतली. जीपची बैलगाडीला बसवली. विहिरीकडची धावेएवढी जमीन मामंजींनी स्वतःच पडीक सोडली.

वळण आता सुरक्षित होतं, तरी माझी सवय काही गेली नाही. एकदा मामंजी स्वयंपाकघरात जेवायला बसले होते. रानातला आवाज बसला. माझे हात थांबले. सहज वर बघितलं, तर त्यांचाही घास हातातच होता, मान दाराकडे वळलेली. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता ऐकत राहिलो. आवाज चढला. मामंजींनी घास तोंडात घातला आणि म्हणाले, "भाकरी करपतीया."